बंद पाकिटातली चाल

आर्मेनियातल्या ग्युमरी शहरावर त्या दिवशी सकाळपासून धुकं बसलं होतं, आणि त्यातून बारीक बर्फ पडत होता. समोरचं चर्च दिसेना. गल्लीतली काळ्या दगडांची घरंही अर्धी पुसल्यासारखी. सेरोब म्हाताऱ्याने चुलीत लाकूड सारलं आणि तो बुद्धिबळाच्या पटापाशी येऊन बसला.

जन्मभर त्याने दगड घडवले. शाळा पाहिली नाही. अक्षरं-आकडे ओळखायला शिकला तो बुद्धिबळासाठी. खालच्या गल्लीतला झावेन त्याचा उस्ताद. नामांकित खेळाडूंचे डाव झावेन वहीत उतरवून ठेवी. पुढची चाल पोस्टकार्डाने झाकायची, आपण काय खेळलो असतो ते ठरवायचं, मग कार्ड सरकवायचं. "चाल पाठ करू नकोस रे," झावेन म्हणे. "ती करणाऱ्याच्या डोक्यात शिरून बघ."

चार वर्षांपूर्वी झावेन वारला आणि वही सेरोबकडे आली. शेवटच्या पानावर झावेनचा स्वतःचा डाव होता, काळ्या मोहऱ्यांनी खेळलेला. पण अर्धाच. तो पुरा करायला सेरोब बसला आणि तिथून बिनसलं. संध्याकाळी त्याने पांढऱ्याची एक चाल करावी, तर सकाळी काळ्याचं उत्तर पटावर तयार. उत्तरही असं, की सेरोबला सात जन्मांत सुचलं नसतं.

घराची दुसरी किल्ली एकाच बाईकडे होती. भिंतीपलीकडच्या शुशानकडे. ती दोनच वर्षांपूर्वी इथे राहायला आलेली.

दुपारी येरेवानहून लेकीचा, अर्पिनेचा, फोन आला.

"बाबा, किटली पुन्हा करपवलीत म्हणे. रविवारी येतेय मी. घर बंद करू. तुम्ही माझ्याकडे चला."

"कोणी सांगितलं?"

"शुशानने. बाबा... काल काय केलंत ते आठवतं का तुम्हाला?"

सेरोबने फोन ठेवला. आपल्याला वेडा ठरवायला शुशानच मोहरे हलवत असेल का? की रात्री आपणच उठून हलवतो आणि विसरतो? तसं असलं, तर घर सुटलंच म्हणायचं.

मोठ्या स्पर्धेत डाव अर्ध्यावर थांबला, की पुढची चाल पटावर करत नाहीत. कागदावर लिहून पाकिटात बंद करतात आणि तिसऱ्याकडे ठेवायला देतात. सेरोबने तेच केलं. राजाजवळचं प्यादं हत्तीने मारायचं, हत्ती गेला तरी चालेल, अशी चाल लिहिली. पटाला हात लावला नाही. पाकीट चिकटवलं, जोडावर सही ओढली आणि शुशानकडे नेलं.

शुशान पीठ मळत होती. "प्रेमपत्र का, काका?"

"उद्यापर्यंत ठेव. उघडू नकोस."

"बरं. त्या लाकडी घोड्यांना चारा घालता घालता स्वतः जेवा म्हणजे झालं."

रात्री सेरोबने आतून कडी घातली. सकाळी कडी तशीच होती.

पण त्याचा हत्ती पटाबाहेर आडवा पडला होता. प्याद्याच्या घरात काळा राजा उभा होता. म्हणजे सेरोबची चाल झाली होती, आणि तिचं उत्तरही. समोरच्या खुर्चीच्या बैठकीवर त्याने तळहात टेकवला... ती उबदार होती.

तो तसाच शुशानच्या दारात गेला. तिने पाकीट आणून दिलं. चिकटवलेलं तसंच, सहीवर सुरकुतीसुद्धा नाही. तिच्यावरचा संशय गळून पडला.

"म्हणजे... माझंच डोकं गेलं म्हणायचं, पोरी."

"काही गेलं नाही," शुशान म्हणाली. "मीच उगाच चहाडी केली. आत्ता अर्पिनेला कळवलं, येऊ नकोस, बाबांना सोबत आहे म्हणून. पहाटे भिंतीतून तुमच्या दोघांचं बोलणं ऐकलं ना मी. मघाशी दारात भेटलेही ते, किती मऊ बोलतात. म्हणाले, दोन-तीन चालींचाच डाव उरलाय, मग सेरोबला मी माझ्याकडेच नेतो."