म्हाताऱ्या ताऱ्याची काजळी

“हात लावू नका!” ती ओरडली, पण तोवर त्याने काचेची नळी उचलली होती.

“आई गं!”

नळी खाली जाड फडक्यावर पडली म्हणून वाचली. तिने आधी नळी बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. त्याच्या ते लक्षात आलं.

“नळी ठीक आहे ना?” बोटं झटकत त्याने विचारलं.

“नळी ठीक आहे. तुमचं बघू.”

तिने त्याला कोपऱ्यातल्या नळाशी नेलं आणि त्याची बोटं गार पाण्याखाली धरली. दुसऱ्या हाताने त्याने काखेत एक स्वेटर गच्च धरला होता, एखादं तान्हं बाळ धरावं तसा. स्वेटरमधून काचेच्या भांड्याची मान डोकावत होती.

“गरम आहे असं दिसत नव्हतं हो.”

“दिसतच नाही. गरम काच आणि गार काच सारखीच दिसते. आधी असा हात न्यायचा...” तिने हात उलटा केला आणि नळीजवळ नुसती हाताची पाठ नेली, न टेकवता. “आच लागली की मागे. बोटं आपल्याला कामाला लागतात.”

“बाहेर पाटी लावा ना तशी.”

“लावली होती. लोक पाटी वाचायला वाकायचे आणि टेकायला हात ठेवायचे नेमका गरम काचेवर.”

आतल्या खोलीतून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. ते तिचे बाबा. हा काचेचा कारखाना त्यांनीच उभा केलेला. दवाखाने, प्रयोगशाळा, कॉलेजं, सगळ्यांची नळीकामं इथे होत. काच वितळवायच्या गॅसच्या ज्योतीसमोर बसायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. आता फुंकताना धाप लागते म्हणून त्यांनी ज्योत सोडली होती. दिवसभर ते आत भट्टीजवळ बसत. जोडलेली काच त्या भट्टीत हळूहळू गार व्हायची. “माझ्यासारखीच,” ते म्हणत.

बोटांची आग थांबली. तिने हात सोडला... जरा उशिराच.

“तुमचा चष्मा जांभळा आहे की गुलाबी?” त्याने विचारलं.

“दोन्ही. ज्योतीत काच धरली की पिवळा भडका उठतो. ह्याच्यातून तो दिसत नाही, नुसती काच दिसते. काम बोला.”

त्याने स्वेटर उलगडला. गोल पोटाचं भांडं, चार बाजूंना चार नळ्या, त्यातली एक मोडलेली. “एवढी एक जोडून द्या. सोमवारी येतो.” दारापर्यंत जाऊन तो परत आला, विसरलेला स्वेटर घेतला आणि गेला. भांड्याच्या आत तळाशी काळा थर होता. त्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

आता, मळकं भांडं ज्योतीवर कुणी धरत नाही. मळ काचेत भाजला जातो, मग तो जन्मात निघत नाही. तिने भांडं रात्रभर भिजवलं, लांब दांड्याच्या ब्रशने घासलं, लख्ख केलं, मग नळी जोडली. सांधा बाबांनी भिंगातून बघितला आणि “हं” म्हणाले. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

सोमवारी त्याने भांडं खिडकीशी धरून फिरवलं. एकदा... पुन्हा एकदा.

“आतली काजळी?”

“काढली की. काय चिकटली होती! घासून घासून खांदा दुखला माझा.”

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “छान जोडलंय,” तो म्हणाला, भांडं हलकेच टेबलावर ठेवलं आणि ते तिथेच सोडून बाहेर पडला.

ती चष्मा कपाळावर ढकलून मागे धावली. कोपऱ्यावर गाठलं.

“अहो, थांबा! रागवायचं तर रागवा. असं गप्प काय निघून जायचं?”

“रागावलो नाही. मी सांगायला विसरलो. तुम्ही तुमचं काम केलंत.”

“काय होतं त्या काजळीत?”

“माझं पुढचं वर्ष.”

मग त्याने सांगितलं. म्हाताऱ्या ताऱ्यांभोवती होते तशी काजळी त्याने प्रयोगशाळेत कितीतरी महिने खपून त्या भांड्यात धरली होती. त्यात तो म्हणतो ते सापडलं, तरच वरिष्ठ त्याला ठेवून घेणार होते. नाहीतर हिवाळा संपला की सामान बांधायचं.

तिच्या ब्रशने एक माणूस गावाबाहेर जाणार होता. आणि त्याने जाऊ नये, असं तिला वाटत होतं... ते चुकीपायी की आणखी कशापायी, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

“मी नवीन भांडं करते. ह्याच्यापेक्षा चांगलं. पण आधी मला नीट सांगा, काय धरायचंय त्यात. परत घासलं तर पंचाईत.”

तो हसला. पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून तो दुपारी येऊ लागला. कागदावर भांड्याच्या आकृत्या काढायचा, चहा गार करायचा आणि ताऱ्यांबद्दल बोलायचा. बाबा आतून कान देऊन ऐकायचे. “तो तुझा काजळीवाला आला बघ,” असं ते त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे.

“म्हातारा तारा म्हणजे विझलेला ना?” एकदा त्यांनी आतूनच विचारलं.

“नाही काका. तरुण तारा नुसता तळपतो. हायड्रोजनचा हेलियम करायचा, एवढंच त्याचं काम. वय झालं की तो फुगतो, लाल होतो, बाहेरून थंडावतो. तेव्हा कुठे त्याच्या पोटात कार्बन तयार होतो. तो हळूहळू वर येतो. बाहेरच्या गारव्यात अणू एकमेकांचा हात धरतात. आधी दोन, मग तीन, मग सहांची कडी. कडीला कडी लागून मोठाले रेणू होतात, त्यांची काजळी होते. आणि तारा ती फुंकून देतो. ती आकाशभर पसरते. पुढे त्यातूनच नवे तारे, माती, झाडं... आपण.”

“म्हणजे धाप लागल्यावर फुंकतो,” बाबा म्हणाले.

“हो. आणि सगळ्यात जास्त तेव्हाच देतो.”

“पोरी, हा मला टोमणा मारतोय की माझं कौतुक करतोय?”

“त्यांनाच विचारा. मला काय माहीत?” ती हसू दाबत म्हणाली.

“तुमचा चष्मासुद्धा,” तो तिच्याकडे वळून म्हणाला, “त्याचा रंग निओडिमियम नावाच्या धातूमुळे आहे. त्यातलाही बराचसा अशाच म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात सावकाश घडलेला.”

“म्हणजे मी तुम्हाला ताऱ्याच्या राखेतून बघते?”

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला आणि घाईघाईने आपल्या आकृतीत डोकं घातलं.

नवीन भांडं दुहेरी होतं, फुग्याच्या आत फुगा. आतल्यात कार्बनची वाफ, बाहेरच्यात गार पाणी. तिने फुंकायची रबरी नळी दातांत धरली आणि काच ज्योतीत फिरवायला घेतली. तो समोरच्या स्टुलावर बसला होता.

“तुम्हाला आता बोलता येणार नाही ना?”

“हं.”

“बरं आहे. मध्ये कुणी बोललं की मी मुद्दा विसरतो.” तो बोटांवरचा जुना चटका चोळत राहिला. “मी रोज येतो ते... नुसत्या भांड्यासाठी येत नाही. भांडं झालं की यायला कारण उरणार नाही, म्हणून ते लवकर होऊ नये असंही वाटतं. आणि झालं नाही तर जावं लागेल. अशी माझी गंमत झालीय.”

तिचा श्वास सुटला. फुगा एका बाजूला टम्म फुगला, गळू आल्यासारखा.

तिने नळी तोंडातून काढली. “काय हो! काम चालू असताना असं बोलतात?”

“कसं?”

“...काही नाही.”

एवढ्यात बाबा बाहेर आले. खुंटीवरचा स्वतःचा चष्मा त्यांनी काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला.

“हे दोघांचं काम आहे. तू फिरव, मी फुंकतो. आणि काजळीवाले, तुम्ही बाहेर उभे राहा. तुमच्याने काच फुगते.”

तो कान लाल करून बाहेर गेला. बाबांनी नळी ओठांत धरली. एक छोटी फुंकर... थांबायचं... पुन्हा एक छोटी फुंकर. धापेमुळे लांब श्वास जमत नव्हताच, आणि ह्या कामाला तो नकोच होता. काच दिव्याच्या घुमटासारखी एकसारखी फुलत गेली. ज्योत बंद झाली तेव्हा बाबा भिंतीला टेकून दम खात होते. डोळे मात्र कितीतरी दिवसांनी चमकत होते.

भांडं भट्टीत सावकाश गार झालं. दुसऱ्या दिवशी तिने ते स्वतः प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. झरोक्यातून दोघांनी एकत्र बघितलं. आधी नारिंगी उजेड दिसला. त्यातून एक बारीक धूर निघाला आणि हळूहळू गार भिंतीवर काळा, मखमली थर बसला.

“ब्रश आणू?” तिने विचारलं.

“तुम्हाला ह्या खोलीत बंदी आहे,” तो म्हणाला. पण दाराबाहेर सोडायला तो थेट रस्त्यापर्यंत आला.

मग तपासण्या सुरू झाल्या आणि त्याचं येणं थांबलं. तिचं काम चालू होतं. पण दुपारी पावलं वाजली की तिच्या हातून ज्योत नकळत कमी व्हायची.

“काजळीवाला दिसत नाही तो,” बाबा म्हणायचे.

“मला काय त्याचं?”

“मला हवाय. त्याच्यासारखं कुणी मला म्हातारा म्हणत नाही.”

थंडी ओसरली. दुपारची उन्हं टेबलावरच्या नळ्यांवर पसरायला लागली. अशाच एका दुपारी तो दारात उभा राहिला. हातात काही नाही. त्या सोमवारसारखीच चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

तिने ज्योत बंद केली. चष्मा काढला.

“वरिष्ठांची बैठक झाली?”

“आत्ताच.”

“मग?”

तो बोलेना. नुसता बघत राहिला. जायचंय म्हणून गप्प, की राहायचंय म्हणून... काही कळेना. गरम काच आणि गार काच सारखीच दिसते.

ती जवळ गेली. हात उलटा केला आणि हाताची पाठ त्याच्या गालाजवळ नेली, न टेकवता.

“आच आहे,” ती हळूच म्हणाली.

“मग हात मागे घ्यायचा असतो ना?”

“काचेपासून.”

आता मात्र त्याला हसू आवरेना. “सापडल्या कड्या. सहांच्या, आणि सहांना जोडलेल्या सहांच्या. मी राहतोय. इथेच.” त्याने श्वास घेतला. “आज तुमच्या तोंडात नळी नाही. त्या दिवशीचं मी पुन्हा सांगतो. ह्या वेळी उत्तर द्यावं लागेल.”

“त्याच दिवशी दिलं होतं की,” ती म्हणाली. “काच फुगली नव्हती का?”

“वरच्या फळीवर ठेवलाय तो वाकडा फुगा!” आतून बाबा ओरडले. “मी फोडायला घेतला तर मलाच रागावली!”

ती लाजली नाही, की मागे सरली नाही. तिने फक्त हात वळवला आणि तळवा त्याच्या गालावर ठेवला.

भाजलं नाही.