उलटा डिपर

ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. पण हे घडलंय. पुण्यात, धायरीत, २००४ च्या डिसेंबरात. ज्याच्या बाबतीत घडलं तो समाधान गायकवाड आजही या शहरातच राहतो.

समाधान हिंजवडीत प्रोग्रामर होता. नुकतंच लग्न झालेलं, धायरीत नवा फ्लॅट, खाली पार्किंगमध्ये एक सेकंडहँड गाडी. गाडीचे दिवे मात्र पार मिणमिणते. म्हणून त्यानं बाजारातून मोठ्या उजेडाचे हेडलॅम्प आणले. त्यांचा प्लग गाडीच्या प्लगात बसेना. मग काय, पठ्ठ्यानं इंटरनेटवरची आकृती समोर ठेवली, मूळ वायरी कापल्या, बॅटरीवरून वेगळी लाइन ओढली आणि जोड पिळून वर टेप गुंडाळली.

दिवे लागले. समोरची भिंत भर दुपारसारखी उजळली.

पण दोन वायरींची अदलाबदल झाली होती. डिपर मारला, की झोत खाली यायच्या ऐवजी वर जायचा. थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

"अरे, हे उलटं झालंय," त्याची बायको दीपाली म्हणाली. "आधी नीट कर."

"माझ्या लक्षात आहे ना. रविवारी बघतो."

"बरं. तोवर समोरच्यांना सांगू का, डोळे मिटून या म्हणून?"

तो हसला.

रविवार उजाडायच्या आधीच ते झालं.

धायरी गावाकडच्या रस्त्याला ओढ्यावर एक अरुंद पूल होता. कठडा नाही, खांबावर दिवा नाही. समाधान ऑफिसातून परतत होता. अंधार नुकताच पडलेला. समोरून एक सायकल आली, मागे गवताचा भारा.

सवयीनं हात गेला. त्यानं डिपर मारला. समोरच्याला त्रास नको म्हणूनच मारला.

सगळा पूल पांढराफटक झाला.

त्या उजेडात एक म्हातारा... आणि त्यानं डोळ्यांवर आडवा धरलेला हात.

गाडी पुढे गेली. समाधाननं आरशात पाहिलं.

मागे सायकल नव्हती.

पडल्याचा आवाजही आला नव्हता. गेला असेल पुढे, त्यानं स्वतःला सांगितलं. पाय ब्रेकवर होता...

त्यानं दाबला नाही.

सकाळी दूधवाल्यानं बातमी आणली. गावातले म्हातारे दशरथ सायकलसकट ओढ्यात मेलेले सापडले. लगेच गेले नसावेत, म्हणाला. काठाच्या मातीत बोटांच्या खुणा होत्या. वर चढू पाहत होते.

समाधान चहा तसाच टाकून खाली गेला. नवे हेडलॅम्प त्यानं ओरबाडून काढले. गाडीच्या तोंडावर दोन भोकं तेवढी राहिली. दीपाली खिडकीतून बघत होती.  

त्याच संध्याकाळी ती खालून धावत वर आली.

"समाधान... गाडी चालू ठेवलीयस?"

गाडी बंद होती. किल्ली त्याच्या खिशात होती.

दोघं खाली गेले. दिवे नसलेल्या गाडीसमोरची भिंत लख्ख उजळली होती. आणि भिंतीवर एक सावली...

डोळ्यांवर आडवा हात धरलेली.

मध्ये कुणीच उभं नव्हतं.

"कोण आहे ते?" दीपालीनं त्याचा दंड धरला.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं.

"त्यांच्या घरी जा," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो चालत गेला. सगळ्या आळीत दिवे लागले होते. दशरथांचं घर तेवढं काळोखात.

"कोण हाय?" आतून त्यांच्या बायकोचा, मथुराबाईंचा, आवाज आला.

"मी समाधान. पलीकडच्या सोसायटीतला."

"बसा दादा. बत्ती लावत न्हाई मी. मालकांना सोसत न्हाई."

समाधाननं विचारलं, "कुणाला?"

"आमच्या मालकांना. येत्यात की सांजच्याला. डोळं चोळत बसत्यात तितं, कोपऱ्यात."

तो उंबऱ्यातच खाली बसला. मग सगळं बोलला. वायरी, डिपर, न दाबलेला ब्रेक. मथुराबाईंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत.

"हाका मारल्या असतील हो त्यांनी," एवढंच म्हणाल्या.



मग कोपऱ्यात चटई करकरली... कुणीतरी जड श्वास घेतला... आणि थकलेला आवाज आला.

"गेली का गं गाडी?"

 अंधारातही समाधानला कळलं, मथुराबाई त्याच्याकडे पाहत होत्या.

तो उठून तसाच बाहेर पडला.

पुढे तो पोलिसांकडे गेला. व्हायची ती शिक्षा झाली. गाडी भंगारात गेली. पण मथुराबाईंकडे जाणं त्यानं सोडलं नाही. त्या अंधारात त्यांना एकटं बसू देणं त्याच्यानं होईना.

आता आवाज आला, की तोच उत्तर देतो.

"गेली, बाबा. कधीच गेली."

कोपरा क्षणभर शांत होतो.

मग तोच प्रश्न पुन्हा येतो...

जरा जवळून.