आत्याचा आडकित्ता आणि दिल्लीची फाटकं

प्रेम आणि इतिहास माणसाला कुठे गाठतील ते सांगता येत नाही, असं थोर माणसं म्हणून गेली आहेत. फुलसावंगीच्या समीक्षाला या दोघांनी लाल किल्ल्याच्या तपासणीच्या रांगेत एकदमच गाठलं, आणि आत मात्र जाऊ दिलं नाही. कारण विमलआत्याच्या पिशवीत आडकित्ता निघाला.

"ये अंदर नहीं जाएगा," शिपाई म्हणाला.

आडकित्ता आत्याच्या सासूबाईंच्या वेळचा, पितळी. सुपारीशिवाय आत्याला जेवण जिरत नसे; इतिहास जिरण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"आना इकडं, मी धरतो," मागून आवाज आला. "ताई, तुमी पाहून या."

हा घनश्याम. एरवी दारव्ह्यात प्रवासी जीप चालवणारा. बायकांच्या या सहलीचं सामान सांभाळायला आलेला. आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भाचीला म्हणाली, "समीक्षे, तू थांब इथंच. नजर ठेव."

समीक्षाने आडकित्त्यावर नजर ठेवली. आडकित्ता त्याच्या हातात असल्यामुळे थोडीफार नजर हातावरही गेली.

"तुमाले नाही पाह्यचा किल्ला?" तिने विचारलं.

"पाहूनच राह्यलो ना. भिंत चांगली हाय."

दुसऱ्या दिवशी कुतुबमिनार. आत्या आडकित्ता मुक्कामावर उशीखाली ठेवून निघाली, आणि फाटकाशी तो पिशवीतूनच निघाला. "मले भूल पडून राह्यली," असं म्हणून ती आत गेली. बाहेर कडुनिंबाच्या सावलीत ही दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. मिनार उंच असल्यामुळे बाहेरूनही दिसत होता, पण वर पाहायला कुणाला सवड नव्हती. घनश्यामच्या बोलण्यातून 'ताई' कधी गळून पडली, ते त्यालाही कळलं नाही.

"जिपीत समोर, खिडकीपाशी कोन बसते?" समीक्षाने सहज विचारलं.

"ती जागा मी कोनाले देत नाही."

"कायले?"

"ठेवली हाय... फुलसावंगीचं कोनी भेटलं तं."

"दारव्ह्याची जीप फुलसावंगीले कुठं जाते?"

"जात नाही. पन जीप माही हाय अन् रस्ता सरकारचा हाय."

ती हसली. हसता हसता तिने सांगून टाकलं, की रविवारी पुसदचा एक मुलगा पाहायला येणार आहे. बँकेत आहे. घनश्याम नंतर बराच वेळ शेंगा फोडत राहिला, पण खायचं विसरला.

शेवटचा मुक्काम राष्ट्रीय संग्रहालय. संध्याकाळी परतीची गाडी. इतिहासाच्या पुस्तकातली ती नाचणाऱ्या मुलीची कांस्यमूर्ती, कमरेवर हात ठेवून उभी असलेली, समीक्षाला शाळेपासून पाहायची होती. फाटकाशी आडकित्ता निघालाच. आत्या भाचीच्या हातात तो ठेवून बायकांबरोबर पुढे गेली.

समीक्षा उभी राहिली. आत गेलं तर घनश्याम बाहेर, आणि रविवार तर समोरच. बाहेर बसलं तर ती मुलगी जन्मात दिसायची नाही.

मग ती सरळ कर्दळीच्या वाफ्याकडे गेली. निंदणाच्या बाया जेवायला उठताना खुरपं जसं शेताच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, खुपसून ठेवतात, तसा तिने आडकित्ता कर्दळीच्या बुडाशी मातीत खुपसला.

"चला."

"कोनी नेला तं?"

"धुऱ्यातलं खुरपं कोनी नेते काय?"

काचेआडची मुलगी वीतभरही नव्हती.

"एवढीशीच?" समीक्षा म्हणाली.

"उभी पाहा ना कशी हाय. माही जीप लेट झाली का बाया अशाच उभ्या राह्यतात."

समीक्षा हसली नाही. काचेवर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "आत्या भुलत नाही... कुतुबाच्या दिवशी आडकित्ता मीच उशीखालून काढून पिशवीत घातला."

घनश्याम मूर्तीकडे पाहू लागला.

"पन आज म्या नाही घातला," ती म्हणाली. "उशीखाली सापडलाच नाही. मले वाटलं, संपलं सगळं."

"सापडन कसा?" घनश्याम मूर्तीकडेच पाहत म्हणाला. "आत्याबाईनं सकायी माह्यापाशी देलता. सामानात ठेव म्हने. मी पिशवीत घातला."

दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे नीट पाहिलं. एकच आडकित्ता दोघांनी आपापल्या दिवशी चोरून पिशवीत घातला होता, आणि पश्चात्ताप कुणालाच नव्हता.

"रविवारी मी येऊ?" त्याने विचारलं. "घरच्यांशी बोलाले... त्या बँकवाल्याच्या आंधी."

"सकायीच या," ती म्हणाली. "तो दुपारी येनार हाय."

"अन् मी काय करू?" मागून आवाज आला. विमलआत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. काचेआडच्या मुलीत आणि तिच्यात आता फक्त वयाचा फरक होता.

 घनश्यामने मान खाली घातली. पण बाजूला मात्र सरकला नाही. आत्याने तेवढं पाहून ठेवलं.

"पुसदवाला सुपारी खात नाही म्हने," ती शांतपणे म्हणाली. "मले तवाच तो पटला नोता. भावाले मी सांगीन काय सांगाचं ते. तू ये रविवारी. चांगला शर्ट घालून ये."

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. घनश्याम पाया पडायला वाकला.

"ते मंग पड," आत्या म्हणाली. "कर्दळीत खुपसताना म्या पाह्यलं. आंधी माहा आडकित्ता उपटून आन. अन् धुऊन आन, बाप्पा. जेवण कवाचं अडकून राह्यलं."