बिनचूक ठिगळ

मृणाल केळुसकरांनी सकाळची पेज संपवून संगणक उघडला, तेव्हा सगळ्यांच्या सामायिक मेल-यादीवर चौदा मेल आल्या होत्या. तेरा त्यांनी सवयीने परत पाठवल्या. एकाने एकाच मेलमध्ये तीन दुरुस्त्या कोंबल्या होत्या, दुसऱ्याने दुरुस्ती फाइल करून जोडली होती, तिसऱ्याने उत्तर प्रश्नाच्या खाली लिहायचं सोडून डोक्यावर बसवलं होतं. कुडाळच्या या बाई मेल परत पाठवायलाच जन्माला आल्यात, असं यादीवरचे लोक म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

काम तसं खाष्टपणाचंच होतं. कंपशामक नावाचं काडेपेटीएवढं यंत्र छातीच्या कातडीखाली बसवतात. त्याची तार मेंदूपर्यंत जाते आणि हातांची थरथर थांबवते. वापरणाऱ्याच्या हालचालींवरून ते स्वतःच शिकत जातं, ही त्याची खासियत. बनवणारी कंपनी बंद पडली, पण सहा हजार माणसांच्या अंगात यंत्रं राहिली. तेव्हापासून त्याचं सॉफ्टवेअर काही हौशी अभियंते मेलवरून सांभाळत होते. ज्याला दोष सापडेल त्याने बदललेल्या ओळी सगळ्यांच्या यादीवर पाठवायच्या. त्याला ते ठिगळ म्हणत, आणि कुठलं ठिगळ आत घ्यायचं ते बाई तपासून ठरवत. एका मेलमध्ये एकच ठिगळ, साधी अक्षरं, आणि शेवटी स्वतःच्या नावाची ओळ: हे मी चालवून पाहिलं आहे, जबाबदारी माझी.

चौदावी मेल बार्शीच्या भालचंद्र क्षीरसागरांची होती, आणि त्यांची ती पहिलीच. हात स्थिर झाला की वीज वाचवायला यंत्र डुलकी घेतं आणि जागं होताना हाताला झटका बसतो. मुठीत काही धरलेलं असेल तर डुलकी घेऊ नये, एवढंच म्हणणं. सात ओळी. विषय नेमका, कारण नेमकं, नावाची ओळ जागच्या जागी. खोट काढता येईना म्हणून बाई चक्क चिडल्या. "पहिलीच मेल इतकी बिनचूक? तेरा वर्षांत असा माणूस पाहिला नाही," असं त्यांनी यादीवर लिहून टाकलं. चाळीस सेकंदांत आभाराचं उत्तर आलं, तेही प्रश्नाच्या खाली, जिथे यायला हवं तिथेच.

चालवून पाहिलं म्हणजे यंत्र त्यांच्याच अंगात असणार, म्हणून यंत्र बसवलेल्यांच्या नोंदीतून नंबर काढून बाईंनी फोन लावला.

"क्षीरसागर ना? मी कुडाळहून केळुसकर. तुमचं ठिगळ मिळालं."

"कसलं ठिगळ बाई? माझं केस कापायचं दुकान हाय."

बाईंनी मेल पुन्हा वाचली. "तुमच्या हाताला मधे झटका बसायचा का?"

"बसायचा की. वस्तरा जरा थांबवला की बसायचा. एका गिऱ्हाइकाच्या कानामागं लागलं, तवापासून वस्तराच ठेवून दिलता. पण तीन आठवडे झाले, काय न्हाई बगा. परत धरलाय."

बाईंना उलगडा झाला. दोष कळवता यावा म्हणून प्रत्येक यंत्राला मालकाच्या नावाने मेल करायची मुभा होती, आणि यादीवरच्या तेरा वर्षांच्या मेल त्याला वाचायला मिळत. ठिगळ यंत्राने लिहिलं होतं, आणि विचारल्याशिवाय क्षीरसागरांवरच चालवून पाहिलं होतं. बाईंनी ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

"गुरुवारी सगळ्या यंत्रांत नवं सॉफ्टवेअर जाईल. त्यात हे नसेल, तर तुमचा झटका परत येईल. पण यंत्राने आपल्या मनाने लिहिलेलं मी सहा हजार डोक्यांत सोडणार नाही. कुणातरी माणसाचं नाव हवं."

"मंग माझं घाला की. चालवून तर मीच बगितलंय. वस्तरा सुटला तर मी करू काय, बाई?"

"तर मग तुमच्या हाताने लिहून मेल करा."

अर्ध्या तासाने मेल आली. मोठी भगवी अक्षरं, उत्तर प्रश्नाच्या डोक्यावर, खाली जोडलेल्या हातांचं चित्र आणि वर दुकानाच्या पाटीचा फोटो. बाईंना हसू फुटलं. फार बरं वाटलं त्यांना. इतकी चुकलेली मेल तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी परत पाठवली नाही. मंजुरीचं 'वाचलं' असं लिहून त्या आपलं नाव घालणार, तेवढ्यात त्यांना आपलंच सकाळचं वाक्य दिसलं. पहिलीच मेल इतकी बिनचूक? ते यंत्रानेही वाचलं असणार, आणि बिनचूकपणा खटकतो हे शिकलंही असणार.

त्यांनी पुन्हा फोन केला. "मेल तुम्हीच लिहिलीत ना?"

"मीच की. ह्याच हातानं. आन् सांगू का, एकदाबी थरथरला न्हाई."

मागे कुणीतरी गिऱ्हाईक लवकर उरका म्हणत होतं. बाईंचं बोट मेल पाठवायच्या बटणावर तसंच थांबलं. त्या चुका क्षीरसागरांच्या हाताने केल्या होत्या, की त्या हाताकडून कुणी करवून घेतल्या होत्या?