हात पुरेल तिथं

कपाट खाली आलं त्या दुपारी इफ्फत दळण आणायला गेली होती. गणपती उठले होते, पाऊस ओसरला होता, पण तुंगार्लीतलं धुकं काही हलायला तयार नव्हतं. तळ्याच्या बाजूनं ते वर चढायचं, बंगल्यांच्या फाटकांतून आत शिरायचं आणि भर दुपारी घरात दिवा लावायला लावायचं. गिरणीत गर्दी होती. पिठाचा गरम डबा पोटाशी धरून ती परतली, कुलूप उघडलं आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

खिडकीशेजारच्या भिंतीवरचं कपाट जमिनीवर होतं.

पडलं, एवढंच तिच्या मनात आलं. मग ते पडल्यासारखं दिसत नाही, हे लक्षात आलं. पडलेली वस्तू आडवी होते, कुठंतरी तिचा कोपरा उडतो. हे उभं होतं. पाठ भिंतीला टेकवून, जिथं टांगलं होतं त्याच्या अगदी खाली. तिनं काचेचं दार उघडलं. कप पालथे घातले होते तसेच होते. लोणच्याच्या बरणीवरचं फडकंसुद्धा सरकलं नव्हतं.

घरात ताज्या भुशाचा वास येत होता. रंधा मारल्यावर येतो तसा.

डबा ओट्यावर ठेवताना तिची नजर बेसिनकडे गेली. लाल साबणाच्या वडीत चार स्क्रू खोचून ठेवले होते. डोकी वर, एका ओळीत.

हे कपाट मेहबूबनं केलं होतं. देहूरोडच्या डेपोत तो सुतारकाम करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी घरातही तेच करायचा. स्क्रू साबणात खोचून ठेवायचा, म्हणजे हरवत नाहीत आणि लाकडात जाताना कुरकुरत नाहीत. हात धुताना इफ्फतच्या बोटाला ते कितीदा टोचले होते. "साबण आंघोळीचा आहे की तुझ्या हत्याराचा?" असं ती म्हणायची, आणि तो हसायचा. गेल्या हिवाळ्यात मेहबूब गेला. तेव्हापासून साबणाच्या वडीत काही टोचलं नव्हतं.

ती बाहेर आली. शेजारच्या बंगल्याची देखभाल करणारी शकुबाई पायरीवर लसूण सोलत बसली होती.

"मावशी, आमच्याकडं कुणी आलं होतं का?"

"न्हाई बा. जेवल्यापासनं हितंच हाय मी. का वो?"

"भिंतीवरचं कपाट पडलंय."

शकुबाईचा हात थांबला. "पडलं? आन् आवाज न्हाई आला? काल तुमच्या हातनं चमचा पडला तरी मला कळलं. कपाट काय मांजरावानी पडलं व्हय?"

इफ्फत आत वळली. तिला भीती वाटायच्या आधी राग आला होता.

घराची दुसरी किल्ली मेहबूबच्या धाकट्या भावाकडं होती. नवाज देहूरोडला राहायचा. मेहबूब गेल्यावर चाळिसाव्या दिवशी सगळे जेवून उठल्यावर तो हळूच म्हणाला होता, "भाभी, एकटीनं इथं काय राहायचं? आमच्याकडं या. हे घर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देता येईल." ती नाही म्हणाली होती. त्यानंतर त्यानं दोनदा तोच विषय काढला होता. आणि स्क्रू साबणात खोचायची सवय एकट्या मेहबूबची नव्हती. त्यांच्या अब्बांनी दोघा भावांना एकाच वडीवर ती लावली होती.

बाईमाणूस घाबरलं की सामान बांधतं, असा त्याचा हिशोब असणार. तिनं नवाजला फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी टाकव्याचा हनुमंत आला. मेहबूबच्या हाताखाली त्यानं पूर्वी काम केलं होतं. स्टुलावर चढून त्यानं भिंतीतल्या भोकांत बोट घालून पाहिलं.

"हे निसटलं न्हाई, ताई. निसटलं असतं तर भिंतीतल्या लाकडी गिट्ट्या भाईर आल्या असत्या, गिलावा फुटला असता. ह्या बघा, जशाच्या तशा बसल्यात." तो खाली उतरला. "कुनीतरी सोडवलंय. शिस्तीत."

"मलाही तसंच वाटतंय."

"आन् येकट्याचं काम न्हाई. भरलेलं कपाट येकट्यानं कसं उतरवनार?" मग त्यानं भिंतीकडं मान वळवली. "ही खूण तुमी केली का?"

कपाटाची वरची कड जिथं यायची तिथं मेहबूबनं काढलेली जुनी पुसट रेघ होती. तिच्या वीतभर खाली दुसरी रेघ होती. पेन्सिलची, ताजी, आणि सरळ.

मेहबूब उंच होता. कपाट त्यानं आपल्या हातानं, आपल्या उंचीला लावलं होतं. वरच्या फळीवरचा कप काढायला इफ्फतला बुटकं स्टूल घ्यावं लागायचं. एका रमजानमध्ये ती त्यावरून घसरली, तेव्हा त्यानं कबूल केलं होतं की सुट्टी मिळाली की खाली घेतो, तुझा हात पुरेल तिथं. तिला भिंतीशी उभं करून त्यानं मापही घेतलं होतं. हात वर कर. ताणू नकोस, सहज कर. पण रेघ काढायच्या आत कुणीतरी दाराशी आलं आणि ते राहून गेलं. पुढं ईदच्या पंगतीत त्यानं तो किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. नवाज सगळ्यांत जास्त हसला होता.

इफ्फत भिंतीशी गेली. हात वर केला. बोटांची टोकं रेघेवर आली.

"बरोबर तुमच्या मापाची हाय की," हनुमंत म्हणाला. "खाली घिऊ का मग?"

"नाही. होतं तिथंच लावा. आणि असं लावा की कुणाला सुटणार नाही."

हनुमंतनं जुनी भोकं बुजवली. सिमेंटचा सांधा टाळून विटेत नवी भोकं पाडली, त्यात प्लग ठोकले, बोटाएवढे लांब स्क्रू पिळले, आणि कपाटाच्या बुडाखाली आधाराला सागवानी पट्टी मारली. शेवटी दोन्ही हातांनी कपाटाला लोंबकळून बघितलं.

"आता मी पडंन, हे न्हाई पडायचं."

त्याच संध्याकाळी इफ्फतनं दाराचं कुलूप बदललं. नव्या किल्ल्या दोन्ही तिच्याजवळच ठेवल्या.

त्यानंतर ती लोकांच्या हातांकडं बघायला लागली. दूधवाल्याच्या, मीटर बघायला आलेल्या माणसाच्या, शकुबाईच्यासुद्धा. नखांत भुसा दिसतो का, साबणाचा लाल पापुद्रा दिसतो का. शकुबाईनं एकदा विचारलंच, "माज्या हाताला काय सोनं लागलंय का, ताई?" इफ्फत ओशाळली, पण बघायची थांबली नाही. शाळेत शिकवून आल्यावर आधी साबणाची वडी उचलून पाहायची. वडी गुळगुळीत असायची.

रविवारी नवाज आला. त्याला समोर बसवून सरळ विचारायचं, असं तिनं ठरवलं होतं. दार उघडलं आणि तिची नजर आधी त्याच्या हातांकडं गेली. त्याचा उजवा हात कोपरापासून पंजापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता.

"हे कधी झालं?"

"गणपती बसायच्या आदल्या दिवशी. सोमाटण्याच्या वळणावर गाडी घसरली." तो खुर्चीत जपून टेकला. "बायको म्हणाली, भाभींना आत्ता कळवू नका, आधीच त्यांना कमी आहे का. अजून घास उचलता येत नाही मला. लेकराला भरवावं तसं भरवते बायको, आणि वर टोमणेही मारते."

इफ्फत हसली नाही. ती मनातल्या मनात दिवस जुळवून बघत होती. गणपती बसायच्या आधी हात मोडला. कपाट गणपती उठल्यावर खाली आलं.

डाव्या हातानं खिसा चाचपून नवाजनं एक किल्ली काढली, टीपॉयवर ठेवली. "ही परत द्यायला आलोय. माझ्याकडं राहिली की तुम्हाला वाटायचं, मी घरावर डोळा ठेवून आहे."

जुन्या कुलपाची किल्ली. आता ती कुठल्याच दाराला लागत नव्हती. तिला त्याच्याकडं बघवेना. "चहा ठेवते," म्हणून ती उठली.

तेव्हा आतून आवाज आला.

मोठा नव्हता. कर्र... मग थांबला. पुन्हा कर्र... घट्ट बसलेला स्क्रू लाकडातून सुटताना जो आवाज होतो, तो. सुताराच्या घरात वाढलेल्या नवाजला तो कसला ते कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा चेहरा उतरला.

"भाभी... आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"हनुमंत आलाय का? काम चालू आहे?"

"कुणी नाही, नवाज."

खिडकीबाहेर धुकं काचेला लागलं होतं. आवाज सावकाश चालला होता. घाई नाही, धाप नाही. मेहबूबही असंच काम करायचा. दर स्क्रूनंतर जरा थांबायचा, आणि त्या थांबण्यात साबणाची वडी सरकवल्याचा आवाज यायचा. आत्ताही येत होता. शेवटी जड लाकूड जमिनीला हलकेच टेकलं. आत एकही कप किणकिणला नाही.

दोघं दारापर्यंत गेले. पुढं इफ्फत, मागं नवाज.

कपाट खाली उभं होतं. सागवानी पट्टी सुटी करून शेजारी ठेवली होती. स्क्रू लांब असल्यामुळं साबणाची वडी मधोमध तडकली होती. भिंतीवरची खालची रेघ आता ठळक झाली होती. तिच्यावर पुन्हा पेन्सिल ओढली होती, जोर देऊन.

"भाईचं ऐकलं नाही, की तो असाच..." नवाजचा आवाज खाली आला. "दुसऱ्यांदा रेघ ओढायचा. बोलायचा नाही. रेघ ओढायचा." मग त्यानं डाव्या हातानं तिचा पदर धरला, लहानपणी आईचा धरत असेल तसा. "चला, भाभी. आत्ता चला माझ्याबरोबर. सामान नंतर बघू."

इफ्फत त्या रेघेकडं बघत राहिली. जायला हवं हे तिला कळत होतं. पण जो माणूस दिलेला शब्द राहिला म्हणून परत येतो, त्याला बंद घरात टाकून देहूरोडच्या गाडीत कसं बसायचं, हेही तिला कळत नव्हतं.

"तू हनुमंतला फोन लाव," ती म्हणाली.

हनुमंत आला आणि कामाला लागला. कपाट खालच्या रेघेला लागलं. त्यानंतर ते हललं नाही. भुशाचा वास गेला, साबणाची नवी वडी हळूहळू झिजत गेली. वरच्या फळीवरचा कप इफ्फतला उभ्या उभ्या हाताशी येऊ लागला. ते बुटकं स्टूल तिनं कोपऱ्यात सारलं. नवाज दर जुम्म्याला फोन करायचा. घराचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि त्याच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल तीही कधी बोलली नाही. शाळेतून येताना पावलं आपोआप भरभर पडत. घरात कुणीतरी आपली सोय बघतंय, ही गोष्ट वाईट नव्हती.

थंडी पडली. एका स्वच्छ दुपारी, ऊन थेट स्वयंपाकघरात आलेलं असताना, ती फरशी पुसायला वाकली आणि तशीच थांबली.

कपाटाच्या खाली, मोकळ्या भिंतीवर, आणखी एक रेघ होती.

हनुमंतची असेल, असं तिनं आधी म्हटलं. मग बोट फिरवून पाहिलं. बोटाला काळं लागलं. ती उभी राहिली. रेघ तिच्या हनुवटीच्याही खाली येत होती. इतक्या खाली कपाट कुणाला लागतं? घरात लहान मूल नव्हतं. मग तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भिंतीशी ठेवलं, आणि त्यावर बसली.

तिनं हात वर केला. ताणला नाही, सहज केला.

बोटांची टोकं रेघेवर आली.

हात खाली घेऊन इफ्फत तशीच बसून राहिली. उठण्याआधी ती कितीतरी वेळ आपल्या पायांकडं बघत होती.