खिंडीतला थोरला मुलगा

यातला एक शब्दही रचलेला नाही. मीठ उकळणाऱ्या याहेईने मरताना हे बायकोला, त्सुरुला, सांगितलं. तिने माझ्या आईला. पटलं तर घ्या.

जागा कामाकुरा. पाचव्या महिन्याचा बाविसावा दिवस, भर दुपार.

दीडशे वर्षांचं सरदारांचं राज्य त्या दिवशी बुडत होतं. शहर पेटलं होतं. याहेई तेव्हा सावाबे कागेतोमो होता, डोंगरातली खिंड राखणारा सामुराई.

आणि तो पळायची वाट शोधत होता.

"दादा, चिलखत उतरव," धाकटा भाऊ सुएहारु म्हणाला. "शिरस्त्राणही दे."

"वेडा झालास का?"

"तू पळालास तर आईने गावात तोंड कसं दाखवायचं? दे म्हणतो ना!"

त्याने दिलं. लाज वाटली, पण दिलं.

तो झुडपात दडला. लढण्याआधी मोठ्याने नाव सांगायची रीत. खिंडीतून धाकट्याचा आवाज आला...

"मी सावाबे कागेतोमो! सावाबे घराण्याचा थोरला मुलगा! या पुढे!"

मग काहीच नाही.

तो पळाला आणि याहेई हे नाव घेऊन दूरच्या किनाऱ्यावर मिठाच्या भट्टीवर राबू लागला. तिथेच लग्न केलं. पण दर वर्षी त्याच दुपारी लाटांचा आवाज बंद पडायचा. आणि अंगणातून...

"मी सावाबे कागेतोमो!"

बाहेर कोणी नसायचं. वाळूत पाऊलही नाही.

"कोण हो हा?" त्सुरु विचारायची. "दर वर्षी येऊन ओरडतो. ओ तरी द्या बिचाऱ्याला!"

"आपल्यातला नाही तो."

"मग तुम्हाला एवढा घाम का फुटलाय?"

कारण त्याला ठाऊक होतं. खिंडीजवळच्या देवळात तिथल्या मृतांसाठी नाव घेऊन प्रार्थना होते. तिथल्या यादीत कागेतोमो होता. सुएहारुसाठी कधी कोणी उदबत्तीसुद्धा लावली नव्हती. खरं नाव सांगितलं, तरच तो सुटणार होता. आणि ते सांगायचं म्हणजे आपण पळालो हेही सांगायचं.

चौदाव्या वर्षी याहेई देवळात गेला.

"कोणासाठी आलात?" भिक्षूने विचारलं.

"भावासाठी."

"नाव?"

शेजारी एक म्हातारा बसला होता, जिंकलेल्या बाजूचा शिपाई. तो हळूच म्हणाला, "मी दर वर्षी सावाबे कागेतोमोसाठी येतो. मीच लढलो त्याच्याशी. एक पाऊल मागे घेतलं नाही पठ्ठ्याने."



"माझाही... तोच," याहेई म्हणाला.

भिक्षूने नाव वाचलं. "सावाबे कागेतोमो."

मागच्या रिकाम्या कोपऱ्यातून उत्तर आलं...

"हजर!"

सुएहारुचाच आवाज. फक्त फार थकलेला.

म्हाताऱ्याने मान वळवली नाही. भिक्षू पुढचं नाव वाचत होता.

त्यानंतर अंगणात आवाज आला नाही. त्सुरु म्हणाली, "सुटला बाई एकदाचा." याहेई तोंड झाकून रडला.

आता याहेईही गेला. खरं नाव मला ठाऊक आहे, देवळाची वाटही. ते तिथे सांगितलं तर सुएहारु खरा सुटेल. पण त्सुरु अजून आहे, गावात नवऱ्याचं नाव निघतं तेव्हा तिची मान ताठ असते.

मी तीनदा निघालो. तीनदा अर्ध्या वाटेवरून परत आलो.