डेल्फ्टमध्ये सापडलेली घागर

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे, आणि पगारही त्याचाच मिळतो. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून मी नव्या लातूर जिल्ह्यातल्या विहिरी मोजत फिरायचो. सरपंच सांगेल त्या खोलीवर विश्वास न ठेवता स्वतः टेप सोडायची, हे माझं काम. जळकोटच्या आमच्या वस्तीतला आडही मीच मोजला होता. साठ फूट, तळाला अखंड काळा दगड. शहाऐंशीच्या दुष्काळात त्यात पहाटे दोन-चार पोहरे पाणी झिरपायचं, तेवढंच.

त्या जानेवारीत आईची तांब्याची घागर हरवली. घरी आलेला धाकटा भाऊ व्यंकटी म्हणाला, पाणी शेंदताना आडात पडली. मी गळ टाकून पाहिला. काही लागलं नाही. व्यंकटी नांदेडला हमाली करायचा. सिनेमाचा त्याला भारी षौक, आणि नांदेडला तांबं घेणारे भंगारवाले काही कमी नाहीत. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

फेब्रुवारीत कार्यालयानं मला पाण्याच्या प्रशिक्षणासाठी हॉलंडमधल्या डेल्फ्टला पाठवलं. आयुष्यातलं पहिलं विमान. पट्टा मी दोनदा सोडून पुन्हा लावला. पहिल्या खेपेस नीट बसलाच नसेल असं वाटलं. खिडकीखाली ढग होते, पिंजलेल्या कापसासारखे, मैलोगणती. यातला एक थेंबही आपल्याकडे पडायचा नाही म्हणून मला चक्क राग आला. माझ्यापुढचा अर्धा भरलेला ग्लास विमानातल्या बाईंनी उचलून नेला, आणि ते पाणी कुठे ओतलं असेल याचा विचार मी उतरेपर्यंत करत होतो.

डेल्फ्टमध्ये रस्त्याच्या मधोमध पाणी होतं. काळं, संथ, काठोकाठ. उंबऱ्यापासून चार पावलांवर कालवा, आणि कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. तीन महिन्यांत मला त्याची सवय झाली नाही. त्या पाण्याला वास होता. आडात डोकं घातल्यावर येतो ना, ओल्या दगडाचा, तोच.

निघायच्या आधीच्या गुरुवारी कालव्याकाठच्या जुन्या बाजारात मला आईची घागर दिसली.

चूक शक्य नव्हती. पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: नागुबाई लिंबाजी सोनकांबळे, जळकोट. गळ्यावर खिळ्यानं पाडलेली तीन टिंबं, ओळीनं. आईला वाचता येत नाही. घरात काहीही नवं आलं की स्वतःची खूण म्हणून ती त्याच्यावर तीन टिंबं पाडते.

"ही कुठे मिळाली?" मी इंग्रजीत विचारलं.

"कालव्याचा गाळ काढला तेव्हा," दुकानदार म्हातारा म्हणाला. "पाच वर्षं झाली. कुणी घेत नाही."

घागर जाऊन चार महिनेही झाले नव्हते. जुन्या बाजारातला माणूस खोटं बोलणारच. नांदेड, मुंबई, जहाज, रॉटरडॅम. मी साखळी जुळवून टाकली आणि घागर विकत घेतली. त्यानं घागरीबरोबर एक टॉर्चही पुढे केली. त्याच गाळात सापडलेली, एके काळी पिवळी असावी, गंजून भोकं पडलेली. मी सहज बटण सरकवून पाहिलं. हललं नाही. ती मी परत ठेवली, पण त्यावरून आठवलं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून व्यंकटीसाठी एक नवीकोरी पिवळी टॉर्च घेतली. चोर असला तरी भाऊ होता.

जळकोटला आईनं घागर हातात घेतली, तिच्यात तोंड घालून वास घेतला आणि खाली ठेवली.

"आडाचाच वास हाय," ती म्हणाली. मग सवयीनं खिळा घेऊन टॉर्चवर टिंबं पाडत बसली.

रविवारी व्यंकटी नांदेडहून आला. मी घागर त्याच्यापुढे सरकवली.

चोरी पकडल्यावर माणूस ओशाळतो. व्यंकटी घाबरला.

"दादा, ही तिथं कशी गेली?"

"ते तू सांग."

"म्या इकली न्हाई. दोर सरतच गेला, दादा. ऐंशी फुटी दोर सगळा सरला. मंग कुणी खालून वढल्यावानी झालं अन् सुटली."

"आड साठ फूट आहे. मी मोजलाय."

"मंग उतरूनच बघतो. बूड बघून तुला सांगतो."

"जाऊ दे लेकरा," आई म्हणाली. "घागर आली ना घरी."

तो गाळ काढायला दर उन्हाळ्यात त्या आडात उतरायचा. म्हणून मीच म्हणालो, "उतरू दे की. खरं बोलत असेल तर भ्यायचं काय?" हे मी म्हणालो.

भर दुपार होती. दोर कमरेला, हातात मी आणलेली पिवळी टॉर्च. चौघांनी दोर धरला. चाळीस फुटांपर्यंत उजेड दिसत होता.

साठ फूट झाले.

"लागलं का बूड?" मी ओरडलो.

"न्हाई."

दोर जातच होता. सत्तर.

"दादा, हितं लई पाणी हाय." आवाज लांबून आला. "वाहून राहिलंय."

मग दोर हलका झाला.

वर ओढला. फास तसाच, गाठ न सुटलेली. दोराचं टोक ओलं होतं.

संध्याकाळी मी स्वतः उतरलो. साठ फुटांवर पाय टेकले. कोरडा काळा दगड. हातोडीनं कोपरान् कोपरा ठोकून पाहिला. कुठेच पोकळ वाजलं नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. तिनं घागर पालथी घालून ठेवली आहे.

त्या म्हाताऱ्याच्या टॉर्चवरची भोकं गंजानंच पडली, असं मी धरून चाललो होतो. आता डोळे मिटले की ती मोजता येतात. तीन होती, ओळीनं. आणि बटण गंजलं म्हणून हललं नाही असं नव्हतं. ते आधीच पुढे सरकवलेलं होतं.